दातांत धरलेली वेणी

९ जून, सोमवार

शाली! परत शाली! चेन्नईच्या जूनमध्ये माणसाला शाल पांघरायची म्हणजे सत्कार नव्हे, सूड आहे. एग्मोरच्या हॉटेलात संस्थेचा कार्यक्रम होता — ‘खेळातून नवे जीवन’. कैद्यांना खेळ शिकवायचा, सुटल्यावर कामाला लावायचं, हा संस्थेचा धंदा. शिकवायचं काम माझ्याकडे. रिटायर झाल्यापासून बायकांच्या तुरुंगात जाऊन खो-खो घेते. आणि कामाला लावायचं काम? ते कुणाकडेच नाही! आजवर संस्थेनं लावलं एकट्या मुरलीला, तेही स्वतःच्याच ऑफिसात. पुरुषांच्या तुरुंगात व्हॉलीबॉल खेळायचा. आता खुर्च्या मांडतो, माईक लावतो, फोटो काढतो, मॅडमची पर्स सांभाळतो. हे नवे जीवन!

माझ्या खो-खोतल्या अलमेलूला स्टेजवर ओढलं. वाणी मॅडम, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षीणबाई, गोड गळ्यानं विचारतात, ‘‘सांग, खो-खोनं तुला काय दिलं?’’ ही म्हणते, ‘‘भूक लागते.’’ सगळं हॉटेल हसलं. मॅडमचं तोंड बघण्यासारखं झालं. मला मेलं इतकं बरं वाटलं!

एप्रिलमध्ये सुटली ती. सात वर्षं काढली. भावानं दिलेली गांजाची पिशवी गाडीतून आणताना धरली. ‘‘आत काय आहे ते ठाऊक होतं का गं?’’ मी एकदा विचारलं होतं. ‘‘होतं की,’’ म्हणाली. रडारड नाही, सारवासारव नाही. तेव्हाच मनात भरली. तंजावरकडच्या मराठी घरातली पोर. पहिल्या दिवशी मी मैदानावर सवयीनं ओरडले, ‘‘अगं ऊठ की!’’ तर त्या तमिळ बायकांच्या रांगेतून आवाज — ‘‘उठतें की अक्का, थांबा की!’’ दगडी भिंतीआड आपली भाषा! तीही पणजीच्या काळातली. घरी येऊन आमच्या ह्यांना, उमाकांतना, सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, मला ऊन लागलं असं वाटून.

तिची लेक जननी अकरा वर्षांची. बालगृहात आहे. बालकल्याण समितीनं स्पष्ट सांगितलंय — आधी कायमचं काम दाखवा, मग मुलगी मागा. काम नाही तर पोर नाही. आणि हिला कामावर घेणार कोण? तीन ठिकाणी गेली. ‘आधी कुठे होतात’ इथपर्यंत सगळं ठीक चालतं.

१२ जून, गुरुवार

श्रीरंजनीकडे गेले होते. इथल्या, आवडी या आमच्या उपनगरातल्याच खासगी शाळेची मुख्याध्यापिका. तिच्या पोरी विभागीय स्पर्धेत दरवर्षी पहिल्याच फेरीत आपटतात, आणि ते तिला जिव्हारी लागतं. म्हटलं, बाई, तुला खो-खोला माणूस देते. असा माणूस चेन्नईत शोधून सापडायचा नाही. आणि मग सगळं सांगितलं. पिशवीसकट. लपवलं नाही काही.

बराच वेळ पेन टकटकवत बसली. मग म्हणाली, ‘‘तुम्हाला माहीत, मला माहीत. तिसऱ्याला कळता कामा नये.’’

मी म्हटलं, माझ्याकडून चिमणीलाही कळणार नाही.

१३ जून

मिळाली! नोकरी मिळाली! शिरा केला. उमाकांत म्हणाले, साखर बेतानं घाल. बेतानं घातली नाही.

२७ जून, शुक्रवार

पहिल्या दिवशी घोळच झाला. शाळेच्या पी.टी. मास्तरांनी शिट्टी मारली आणि अलमेलू मटकन उकिडवी बसली, मान खाली. आत मोजदाद अशीच होते — शिट्टी वाजली की बसायचं. पोरींना वाटलं खेळच आहे, त्याही बसल्या. मी मैदानाच्या कडेला होते, धावत मध्ये गेले! मास्तरांना सांगितलं, तिला शिट्टीनं डोकं दुखतं, टाळ्या वाजवा. बिचारे वाजवतात.

पण खेळते काय! आत दोन वर्षं आम्हाला खांबच दिले नव्हते. खांबाचा उपयोग भिंत चढायला होईल म्हणे! मग दोन धिप्पाड बायकांना खांब म्हणून उभं करायचे. त्यांच्या कमरेला विळखा घालून ही सूर मारायला शिकली. डावखुरी आहे. उजव्या हातानं खांब धरणार, डाव्या हातानं गडी टिपणार, सगळं अंग जमिनीला समांतर. आणि दातांत वेणी! आत पिना, क्लिपा चालत नाहीत, रिबीन नाही, मोकळी वेणी तोंडावर येते म्हणून दातांत धरायची. सवय गेली नाही. आता शाळेतल्या सगळ्या पोरी वेण्या चावत पळतात. एका आईची तक्रार आली — केस ओले करून आणतात म्हणून!

हसले आज खूप. मैदानावर एवढी कधी हसले होते आठवत नाही.

६ जुलै, रविवार

अलमेलूबरोबर बालगृहात गेले. नोकरीची बातमी द्यायची म्हणून मिठाई घेतली, नवा फ्रॉक घेतला.

जननी बाहेरच आली नाही.

तिथली बाई चाचरत म्हणाली, ‘‘तिनं सगळ्यांना सांगितलंय, आई वारली.’’ कुणीतरी तिला जेलवालीची पोर म्हणून चिडवलं होतं, तेव्हापासून. फ्रॉक ठेवून आलो. बसमध्ये अलमेलू खिडकीतून बाहेर बघत होती. मी आपली बडबडत होते, लहान आहे, समजेल हळूहळू, वगैरे. शेवटी म्हणाली, ‘‘अक्का, तिजकडे सांगाला काही पाहिजे की. ती काय सांगेल कोण्हाला?’’

मी उठून पुढे गेले आणि कंडक्टरशी भांडले.

१८ जुलै, शुक्रवार

वाणी मॅडमचा फोन. पेपरवाले ‘यशोगाथा’ मागतायत! अलमेलूची द्यायची. गेल्या वर्षी तुरुंगात झालेल्या स्पर्धेतला फोटो आहे, मुरलीनं काढलेला. ‘‘चेहरा पुसून टाकू हो, विमलाजी. देणगीदारांना काहीतरी दाखवायला लागतं.’’

म्हटलं, देणगीदारांना तुमचाच चेहरा दाखवा, न पुसता. त्या पोरीची नोकरी लागून जेमतेम महिना झालाय! एक अक्षर छापलंत तर मी तुमच्या दारात येऊन बसेन. घाबरल्या. ‘‘नाही देत, नाही देत. शब्द आहे माझा.’’

उमाकांत म्हणतात, माझा फोन शेजारच्या क्वार्टरमधल्यांना रिसीव्हर न लावता ऐकू येतो. येऊ दे.

२९ जुलै

मुरली मैदानावर येऊन गेला म्हणे, अलमेलूला भेटायला. मला न भेटता गेला. बऱ्याच दिवसांत बोलला नाही. मुलगा तसा बरा आहे, मला टीचरम्मा म्हणतो, पायांकडे बघून बोलतो.

३ ऑगस्ट, रविवार

छापला. छापला मेल्यांनी!

तमिळ पेपर, तिसरं पान, चांगला हातभर फोटो. मथळा — ‘गजाआडून मैदानाकडे’. गांजा, सात वर्षं, सगळं आहे. ‘आता ती मुलींना खो-खो शिकवते.’ नाव नाही, शाळा नाही. चेहरा पुसलाय. मोठे उपकार! अरे, चेहरा बघतंय कोण? डावा हात पुढे, अंग आडवं, आणि वेणी सरळ त्या पुसलेल्या चेहऱ्यात शिरलेली! नाव छापलं असतं तर एकवेळ कळलं नसतं. शाळेतली शंभर पोरं हे रोज बघतात.

वाणी मॅडमचा फोन बंद. मुरलीचा चालू, पण उचलत नाही.

जेवले नाही. उमाकांतनी भात लावला, तोही करपला.

४ ऑगस्ट

पोरींनीच ओळखलं. आणि बिचाऱ्यांना केवढा आनंद! सातवीतल्या एकीनं फोटो कापून फळ्यावर चिकटवला, वर खडूनं लिहिलं — ‘आमच्या अलमेलू अक्का पेपरात!!’

दुपारपर्यंत सगळ्या आयांच्या फोनवर.

६ ऑगस्ट, बुधवार

पालकांची सभा. मी न बोलावता गेले.

काय काय ऐकलं! ‘गांजा विकणारी बाई आमच्या मुलींच्या अंगाला हात लावते.’ — अहो, खो द्यायला पाठीला हात लावावाच लागतो! ‘सात वर्षांची सवय जाते का?’ ‘आज वेण्या चावायला शिकवल्या, उद्या काय शिकवेल?’ हे एक शहाणी म्हणाली, आणि कुणी हसलं नाही.

आपलेही होते. रणवीर म्हणून इथल्या फॅक्टरीतले मोठे साहेब, नागपूरकडचे, गणपतीला आमच्या मंडळात आरतीला पुढे असतात. बाहेर गाठून मला मराठीत म्हणाले, ‘‘काकू, आपल्यातल्या असून तुम्ही आम्हाला अंधारात ठेवलंत? आतून आलेल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, तुम्हीच सांगा.’’ म्हटलं, तुमची लेक दोन महिन्यांपूर्वी खांबाला आपटून रडायची, आज सूर मारते, तिला विचारा. तर म्हणाले, उद्यापासून तिला बुद्धिबळाला घालतोय.

पण हे सगळे परवडले. श्रीरंजनी! सगळ्यांसमोर उभी राहून, पदर सावरून म्हणते, ‘‘मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शाळेची फसवणूक झाली आहे.’’ माझ्याकडे बघून म्हणाली! पापणी लवली नाही. पेन टकटकवत ऐकलं होतंस ना गं, पिशवीसकट? मी ओरडले, पण माझ्या ओरडण्याकडे कोण लक्ष देतं. तिथेही टाळ्या वाजवून गप्प बसवलं मला.

कामावरून काढलेली अलमेलू फाटकापाशी चप्पल घालत होती. म्हणाली, ‘‘चला अक्का.’’ बस. एवढंच.

२० तारखेला समितीपुढे जायचं होतं. आता काय दाखवायचं? तारीख पुढे ढकलून घ्यायला हवी.

७ ऑगस्ट, गुरुवार

एग्मोरला गेले, संस्थेच्या ऑफिसात. चपला न काढता आत शिरले.

वाणी मॅडम रडायच्या बेतात. ‘‘विमलाजी, शपथेवर सांगते, मी नाही दिला. मी थांबवा म्हटलं होतं. यानं परस्पर पाठवला.’’ यानं म्हणजे मुरलीनं. कोपऱ्यात उभा होता.

विचारलं, का रे? कोणी सांगितलं होतं तुला?

‘‘चुकलं, टीचरम्मा.’’

का पाठवलास?

‘‘चुकलं.’’

पोपट! दुसरा शब्द नाही. वरून मान खाली. मग माझा तोल गेला. म्हटलं, पेपरात स्वतःचं नाव छापून आणायला दिलास ना — ‘छायाचित्र : मुरली’? एका पोरीच्या ताटातलं काढून स्वतःचा मिरवायचा शौक! म्हटलं, तू स्वतः आत राहिलेला, तुला तर कळायला हवं होतं. आणि मॅडमना म्हटलं, असा माणूस ठेवताच कसा तुम्ही? आतून आलेल्याला फुकटचं डोक्यावर चढवलं की असंच होणार! याला काढा, नाहीतर मी देणगीदारांना पत्र लिहिते. एकेकाला.

मॅडमना निमित्तच हवं होतं. तिथल्या तिथे किल्ल्या आणि ऑफिसचा फोन काढून घेतला. त्यानं खिशातून कॅमेऱ्याचं कार्डही काढून टेबलावर ठेवलं, मला नमस्कार केला आणि गेला.

लोकलमध्ये बरं वाटलं. कुणाला तरी शिक्षा झाली.

८ ऑगस्ट

उमाकांत म्हणतात, ‘‘विमल, त्याला एकट्याला गाठून एकदा विचारायचं होतंस.’’

यांना सगळ्यांचीच बाजू दिसते. माझी सोडून.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अलमेलूला काम लागलं. लावलं कुणी? संस्थेनं नव्हे, मी नव्हे, खो-खोनं नव्हे! तिच्याबरोबर आत असलेल्या एका बाईनं. टी. नगरच्या साड्यांच्या दुकानात, तिसऱ्या मजल्यावर. गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, दिवसभर उभ्यानं. मालकाला सगळं माहीत आहे. ‘‘सणाच्या आधी माणसं हवीत, घड्या नीट घालता येतात ना, बास,’’ म्हणाला म्हणे. हे असं! चार वर्षं मी उन्हात घसा फोडला, भाषणं ऐकली, शाली बघितल्या, आणि शेवटी विचारलं काय, तर घडी घालता येते का.

बघायला गेले होते. त्या गर्दीत पोचेपर्यंत माझीच घडी मोडली. निळ्या कोटात उभी होती, वेणीला दुकानानं दिलेली क्लिप. मला एक इरकलीसारखी दिसणारी दाखवत राहिली, उगाच, सुपरवायझरनं हटकू नये म्हणून. ‘‘इथं बसायला मिळत नाही अक्का. पाय दुखतात.’’ मग हळूच म्हणाली, ‘‘मुरली अण्णांचं काही कळलं का?’’

म्हटलं, नाव काढू नकोस त्याचं माझ्यासमोर.

तिनं साडीची घडी घालून ठेवून दिली.

२ सप्टेंबर

तुरुंगातला खो-खो बंद केला मी. तसं कळवून टाकलं. कशाला शिकवायचं? बायकांना उगाच वाटतं, बाहेर कुणी टाळ्या वाजवायला उभं आहे.

उमाकांतनी कॉफी आणून दिली. न विचारता साखर घातली होती.

९ सप्टेंबर

परवा समिती. दुकानाचं पत्र मिळालं. पण पोरच येत नाही म्हणाली तर? अकरा वर्षांच्या मुलीला विचारणार म्हणे, तुला जायचंय का. अलमेलूचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा नुसतं जेवलात का विचारून ठेवला.

भीती वाटते. राग नाही, भीतीच.

११ सप्टेंबर, गुरुवार

पोर मिळाली.

समितीच्या बाईंनी विचारलं, ‘‘तू तर सांगायचीस, आई वारली म्हणून?’’ जननी ताठ उभी होती, तोच फ्रॉक घालून. म्हणाली, ‘‘ते आधी. मग अम्माचा फोन आला, म्हणाली, रविवारचा पेपर बघ, तिसऱ्या पानावर मी आहे. मी सगळ्यांना दाखवला. आता मला कोणी चिडवत नाही. अम्मानंच मुरली अण्णांना सांगून छापून घेतला होता.’’

बाहेर आल्यावर मी अलमेलूकडे बघितलं. ती खाली बघत बोलली. चेहरा पुसला की कोण्ही ओळखणार नाही, असं तिला वाटलं होतं. मुरली नको म्हणत होता, हिनं पाय धरले. मला सांगायला निघाली होती, सभा झाली त्याच दिवशी. त्यानं थांबवलं — ‘‘टीचरम्मांचा राग माझ्यावर राहू दे. मला सवय आहे. तुला त्यांच्याशिवाय कोण आहे?’’

मुरलीचा नंबर लावला. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे आहे.